कोकणचे बंदर आणि घाटावरचा माणूस

आजच्या भाषणाचा विषय बंदर हा आहे, आणि तो मी मांडणार आहे मुळशी तालुक्यातल्या मारुंजीच्या शिवारात उभा राहून. हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. मारुंजीला समुद्र नाही, खाडी नाही, गलबत नाही. काल-परवापर्यंत इथे भाताची खाचरे होती. आज शेजारच्या हिंजवडीत संगणकाचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग उंच इमारती उठल्या. "गुरुजी, आम्हां घाटावरच्या माणसांचा बंदराशी संबंध काय?" असे कुणी विचारले, तर त्याला हसून चालणार नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे.

आधी आपल्याच पाण्याकडे पाहा. मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते. मुठेला मिळते, पुढे भीमेत जाते, भीमा कृष्णेत जाते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. भूगोलाच्या पुस्तकात आपण असे शिकलो. पण मुळशीच्या धरणात अडलेल्या पाण्याची वाट निराळी आहे. ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवले आहे. कड्यावरून ते भिऱ्याच्या वीजघरात कोसळते, चाके फिरवते, वीज देते आणि खाली कुंडलिका नदीत पडते. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. तिथेच जवळ चौल आहे. चौल म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना ठाऊक असलेले बंदर. तेव्हा मुळशीचे पाणी आज एका जुन्या बंदराच्या दारात जाऊन पडते. आपला बंदराशी संबंध नाही असे म्हणण्याआधी या पाण्याची आठवण ठेवावी.

आता बंदर म्हणजे काय, ते पाहू. समुद्रकाठ असला म्हणजे बंदर होते असे नाही. आपल्या कोकणाला खाडीमागून खाडी आहे. पण प्रत्येक खाडीत काही बंदर नांदत नाही. बंदराला तीन गोष्टी लागतात. पहिली, जहाज तरंगेल एवढे खोल पाणी आणि लाटांपासून आडोसा. दुसरी, पाठीमागचा मुलूख, ज्याला भूगोलात पृष्ठप्रदेश म्हणतात, आणि त्या मुलखाकडे जाणारी चांगली वाट. तिसरी गोष्ट म्हणजे माल. तोही एका हंगामापुरता नव्हे, वर्षानुवर्षे येत-जात राहणारा. आठवड्याच्या बाजाराचेच उदाहरण घ्या. मैदान कितीही प्रशस्त असले, तरी भोवतालच्या वीस गावांची वाट तिथे येत नसेल तर बाजार भरत नाही. आणि ज्या बाजारात एकच जिन्नस विकला जातो, तो त्या जिनसाची मागणी आटली की मोडतो. बंदराचेही तसेच आहे.

याचा दाखला आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नरहून नाणेघाटाने खाली उतरले की कल्याण आणि सोपारा या जुन्या बंदरांची वाट लागते. सातवाहनांच्या काळी पैठणचा आणि तेरचा मुलूख सागराशी जोडणारी ही वाट होती. घाटाच्या तोंडाशी आजही तो दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. राजाने बंदर सांभाळले तसा घाटही सांभाळला. घाट बंद पडला तर बंदरात माल येणार कुठून? १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, तोही घाट चढून जुन्नरला आला, पुढे बिदरला गेला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. त्या काळी दाभोळ हे बहामनी राज्याचे भरभराटीचे बंदर होते. अरबस्तानाकडून घोडे यायचे, इकडून कापड जायचे. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. कारण पाठीमागचा मुलूख शाबूत होता.

मग ही बंदरे गेली कशाने? शत्रूने जाळल्याने ती जेवढी खचली नाहीत, तेवढी वाहतुकीचे साधन बदलल्याने खचली. शिडाची जहाजे वाऱ्यावर चालत. वारा हेच त्यांचे इंधन. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती किनाऱ्याला ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच दर्यात लोटीत. त्या जहाजांना खाडीतले उथळ पाणी पुरत असे. पुढे कोळशावर चालणाऱ्या आगबोटी आल्या. त्या मोठ्या, त्यांचा तळ खोल. डोंगरातली माती वाहून येऊन खाड्यांत गाळ साचत होताच. या नव्या बोटींना मोठमोठ्या खाड्या अपुऱ्या पडू लागल्या. तशात १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली. दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरून आगगाडीत बसला आणि थेट मुंबईच्या धक्क्यावर गेला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. घाटाघाटांतून उतरणारा माल दोन घाटांत गोळा झाला, तशी कोकणची किती तरी बंदरे मागे पडून मासळीची आणि उतारूंची बंदरे झाली.

इंधन बदलले की बंदराचे दैव कसे बदलते, याचे एक परदेशी उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तिथे उत्तम कोळसा निघे. तो परदेशी धाडण्यासाठी बॅरी या गावी १८८९ मध्ये गोदी बांधली. चोवीस वर्षांत, म्हणजे १९१३ साली, त्या एका बंदरातून एक कोटी दहा लाख टनांच्या आसपास कोळसा बाहेर गेला. लोकांना वाटले, ही लक्ष्मी आता अक्षय आहे. पण त्याच सुमारास आगबोटी कोळसा सोडून खनिज तेलाकडे वळू लागल्या. युद्धानौकांनी तेल घेतले, मग व्यापारी बोटींनी घेतले. बॅरीची गोदी होती तिथेच होती, पाणीही तेवढेच खोल होते. पण १९१३ चा तो आकडा त्या बंदराला पुन्हा कधी दिसला नाही.

हाच बदल आपल्याकडेही झाला, आणि त्यात मुळशीचा हिस्सा आहे. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. हा कोळसा पुष्कळसा समुद्रमार्गे येई. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून वीज करायचे ठरवले. १९१५ मध्ये खोपोलीचे, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. जी गिरणी विजेवर गेली, तिच्यासाठी धक्क्यावर उतरणारा कोळसा तितका कमी झाला. म्हणजे मुळशीच्या पावसाने मुंबई बंदराचा माल बदलला! पुढे १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीचे कारखाने निघाले, त्यांच्यासाठी बुचर बेटावर तेलाचे धक्के झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पोत्यांऐवजी लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, माल जाऊ लागला. आज जुन्नर-नाशिककडची द्राक्षे थंड पेटीत बसून हॉलंडला जातात ती याच बंदरातून. मुंबईचा माल कापूस, कोळसा, तेल, पेट्या असा बदलत गेला, तरी मुंबई टिकली. कारण तिच्या पाठीशी आगगाडीचे दोन घाट होते आणि एका मालावर ती कधी विसंबली नाही.

पण मंडळी, त्या विजेची किंमत कुणी भरली, हेही सांगितले पाहिजे. मुळशीच्या धरणासाठी मुळेच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे उठवायची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते. धरण होऊन गावांचे मरण होते, आणि वीज जायची होती मुंबईला. बायकामाणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. सुमारे तीन वर्षे चाललेला तो लढा अखेर मोडला. पुष्कळ जमिनींवर सावकारांचा ताबा होता. त्यांना भरपाईचा मार्ग सोयीचा वाटला. कसणाऱ्याचे भाताचे खाचर मात्र पाण्याखाली गेले. देशाला वीज हवीच होती, यात वाद नाही. परंतु ज्याची जमीन गेली त्याचे नाव नफ्याच्या हिशेबात शेवटी आले. हे आपल्या तालुक्याच्या अनुभवाचे बोल आहेत, आणि नव्या बंदरांकडे पाहताना आपण ते विसरू नयेत.

आता पुन्हा दाभोळला जाऊ. वाशिष्ठी नदीच्या मुखावर उत्तरेला जुने दाभोळ आणि दक्षिणेला गुहागर तालुक्यातली अंजनवेल, वेलदूर ही गावे. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी प्राथमिक करार होऊन इथे प्रचंड वीजकेंद्र आणि त्याला इंधन पुरवणारे बंदर उभारायचे ठरले. इंधन कोणते? द्रवरूप नैसर्गिक वायू. हा वायू उणे १६० अंशांच्या आसपास थंड केला की त्याचे पाणी होते आणि आकारमान सहाशेपटीने घटते. खास बनवलेल्या जहाजांतून तो आणायचा, धक्क्यावर उतरवून पुन्हा वायू करायचा आणि त्यावर वीज करायची, अशी योजना. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदलले, करार रद्द झाला, पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने झाला. गावकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, लाठ्या खाल्ल्या. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, तो नाफ्था जाळून. कारण वायूचे बंदर तयार व्हायचे होते. वीज महाग पडू लागली. वीज घेतली नाही तरी वीज मंडळाने ठराविक आकार भरायचा, असे करारात होते, आणि रकमा डॉलरच्या भावाशी बांधलेल्या होत्या. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. धक्का अर्धवट, टाक्या अर्धवट, आणि गावाची जमीन मात्र पुरी गेलेली.

२००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. वायूचे बंदर सुरू व्हायला २०१३ साल उजाडले. तरीही एक उणीव राहिली होती. लाटा अडवणारी भिंत, जिला इंजिनिअर लोक लाटरोधक म्हणतात, ती पुरी झालेली नव्हती. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे वायूचे जहाज लागू शकले नाही. विचार करा, शिडाच्या गलबतांना नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावे लागे, आणि अब्जावधी रुपये खर्चून बांधलेल्या नव्या बंदरालाही तेच करावे लागले! उलट, एका गोष्टीने या बंदराला हात दिला. दाभोळपासून थेट बंगळूरपर्यंत वायूची नळवाहिनी टाकली गेली. तीही २०१३ मध्येच सुरू झाली. दाराशी असलेल्या एकाच गिऱ्हाइकासाठी बांधलेल्या धक्क्याला घाटापलीकडची गिऱ्हाइके मिळाली. पुढे देशातल्या वायूचा पुरवठा आटून ते वीजकेंद्र काही काळ बंद पडले, तरी धक्क्याचे काम उरले. नाणेघाटाने कल्याणला जे दिले, तेच या नळवाहिनीने दाभोळला दिले.

आता आपल्या जवळचे एक बंदर घेऊ. पौडवरून ताम्हिणी घाटाने उतरले की माणगाव येते, आणि माणगावच्या पलीकडे राजपुरीच्या खाडीवर, जंजिऱ्याच्या समोर, दिघी बंदर आहे. मारुंजीच्या माणसाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असे हे बंदर. पाणी चांगले, आडोसा चांगला. पण रेल्वे बंदरापर्यंत पोहोचली नाही, रस्त्यांची कामे रेंगाळली, आणि बंदर चालवणारी खासगी कंपनी कर्जात बुडाली. २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अदानी समूहाने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशात बारा नव्या औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचे नाव आहे. तिथे कारखाने आले आणि ताम्हिणीची वाट भरवशाची झाली, तर चाकण-तळेगावच्या मोटारी आणि यंत्रे यांना न्हावा-शेव्याशिवाय दुसरा दरवाजा उघडू शकेल. वाट तशीच राहिली, तर समोर जंजिरा आहेच. किल्ला अभेद्य राहिला, पण त्याच्या आसऱ्याचा व्यापार राहिला नाही.

उत्तरेला पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे याहून मोठे काम निघाले आहे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली. तिथे किनाऱ्यापासून काही अंतरावर सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते. जगातली अगदी मोठी पेट्यांची जहाजे तिथे लागू शकतील. पुऱ्या बांधणीनंतर वर्षाला २९ कोटी ८० लाख टन माल हाताळण्याची योजना आहे. रस्ता आणि रेल्वे यांची जोड योजनेतच धरली आहे, ही दिघीच्या अनुभवानंतर समाधानाची गोष्ट. पण त्यासाठी समुद्रात १,४०० हेक्टरांहून अधिक भराव घालायचा आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने त्या वेळच्या प्रस्तावाला नकार दिला होता. मासा जिथे अंडी घालतो ती जागा बुजली, तर भरपाईचा एकरकमी पैसा किती पिढ्या पुरेल, असे तो कोळी विचारतो. मुळशीच्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटायला हवा.

आणि इंधन तर पुन्हा बदलते आहे. जयगडसारख्या बंदरात परदेशी कोळसा उतरतो, त्यावर शेजारचे १,२०० मेगावॉटचे वीजकेंद्र चालते. पण ऊन आणि वारा यांपासून होणारी वीज झपाट्याने वाढते आहे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि जर्मनीला रशियाचा वायू मिळेनासा झाला, तेव्हा त्या देशाने डिसेंबरपर्यंत विल्हेल्म्सहाफेन येथे तरंगते वायूबंदर उभे केले. एक खास जहाजच धक्क्याला बांधले. गरज सरली की ते सोडून दुसरीकडे नेता येते. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इंधनाचा धक्का असा बांधावा की इंधन बदलले तरी लाटरोधक, खोल पाणी, रस्ता आणि रेल्वे दुसऱ्या मालाच्या उपयोगी पडतील. टाक्या बदलता येतात. चुकीच्या जागी बांधलेली भिंत बदलता येत नाही.

तेव्हा उद्या वर्तमानपत्रात नव्या बंदराची बातमी वाचाल, तेव्हा किती कोटी आणि किती टन एवढ्यावर समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा. हे बंदर किती प्रकारच्या मालावर जगणार आहे? घाटावरून त्याकडे जाणारी वाट बंदराच्या आधी पुरी होणार की नंतर? आणि ज्यांची जमीन किंवा ज्यांचा समुद्र जाणार, त्यांचा वाटा पहिल्या वर्षाच्या हिशेबात लिहिला आहे काय? एकदा दिलेली भरपाई संपते. शिक्षण, बंदरातली कायमची नोकरी आणि उत्पन्नातला भाग या गोष्टी टिकतात. याची उत्तरे मिळाली, तर बंदर आपले आहे असे समजा. न मिळाली, तर आपल्या प्रतिनिधीला, ग्रामसभेत, लेखी विचारा. कराचा पैसा मारुंजीच्या माणसाचाही आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावाल तेव्हा मुलांना बंदरांची नावे पाठ करायला लावू नका. त्यांना घरातल्या पाच वस्तू लिहून आणायला सांगा: स्वयंपाकाचा गॅस, गोडेतेल, खताचे पोते, मोबाईल, आईच्या शिलाई यंत्राचा सुटा भाग. यांतली कोणती वस्तू कोणत्या बंदरातून, कोणत्या घाटाने आपल्यापर्यंत आली असेल, याचा शोध त्यांना घेऊ द्या. मग आपल्या आंबेमोहोराला बाहेर जायचे झाले तर कोणती वाट धरावी लागेल, हेही काढू द्या. नकाशावर ती रेघ ओढताना मुलाचे बोट ताम्हिणीत किंवा बोरघाटात थबकेल. तिथे त्याला सांगा की बंदराची सुरुवात इथून होते.